एकाच भांड्यातला चहा

बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला वसलेला आष्टी तालुका हा अवर्षणाचा प्रदेश. पाऊस दगा देतो, तेव्हा दुभती जनावरेच अनेक घरांचा संसार सावरतात. तरीही दारी आलेल्याला ‘चहा घेतल्याशिवाय जायचे नाही’ हा आग्रह इथे सुटत नाही. म्हणूनच चहा कसा करावा, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

रीत साधी आहे. मोजून पाणी घ्यावे, ठेचलेले आले टाकून उकळी आणावी. मग साखर व चहाची पूड घालून आच मंद करावी. दोन-तीन मिनिटांनी वेगळे तापवलेले दूध ओतावे, एक उकळी येताच भांडे उतरवून झाकावे व क्षणभर मुरू द्यावे. पूड फार उकळली, की तिच्यातील तुरट द्रव्ये उतरतात आणि चहाचा काढा होतो. गुळाच्या चहाला अधिक जपावे लागते. गुळासह उकळले तर दूध नासते. म्हणून भांडे उतरवल्यावरच त्यात दूध घालावे.

पण एवढ्याने चहा योग्य झाला काय? महाराष्ट्राचा इतिहास ‘नाही’ असेच सांगतो. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कप हाती धरला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापवली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. वाद चहाच्या चवीचा नव्हता. तो कोणाच्या हातून व कोणाच्या पंक्तीला घेतला, याचा होता.

आज त्या वादाचे हसू येते. पण हसण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरात डोकावावे. राज्यघटनेच्या 17व्या कलमाने 1950 मध्ये अस्पृश्यता संपुष्टात आणली. मात्र कायद्याचे हात फडताळापर्यंत पोहोचत नाहीत. कित्येक सुशिक्षित घरांत मोलकरणीचा, गड्याचा, सफाई करणाऱ्याचा कप आजही वेगळ्या कोनाड्यात असतो. बहुधा दांडी तुटलेला. पहिल्या उकळीचा चहा पाहुण्याला आणि त्याच चोथ्यात पाणी घालून उकळलेला कामकऱ्याला, हा रिवाजही नवा नाही. त्याला काटकसर म्हणणे ही आत्मवंचना आहे.

त्या कपातली साखर तरी कोठून येते? दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातील हजारो कुटुंबे घराला कुलूप लावून पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे नावही उरत नाही. ती ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या त्या हातांचा गोडवा ज्यांना चालतो, त्यांना त्या हातांतला कप आपल्या कपांच्या रांगेत का चालू नये?

समाजाच्या एकोप्याची भाषणे सभागृहांत पुष्कळ होतात. त्यांची खरी परीक्षा मात्र सकाळच्या चहाला होते. चहा एकाच भांड्यात उकळावा, एकाच गाळणीने गाळावा, सारख्याच कपांत ओतावा आणि पिऊन झाल्यावर ते सारे कप एकत्रच विसळावेत. योग्य चहाची रीत याहून वेगळी नाही.