आजीचा दिवस कोणाचा?

आमच्या सुशिक्षित कुटुंबांतून अलीकडे एक वाक्य वारंवार ऐकूं येऊं लागलें आहे. पुण्यास, बंगळुरास किंवा अमेरिकेंत असलेला मुलगा आईला म्हणतो, "तिकडे तुला एकटीला काय काम आहे? इकडे ये आणि बाळापाशीं राहा." वाक्य मायेचें आहे आणि बोलणाऱ्याच्या मनांत कपट नसतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या वाक्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, आणि ती खोटी आहे. साठीच्या आसपास आलेल्या स्त्रीचा तिच्या स्वतःच्या घरांतील दिवस हा रिकामा दिवस होय. तो वाटेल तेव्हां उचलावा, वाटेल तेथें नेऊन ठेवावा आणि गरज सरली म्हणजे जेथला तेथें आणून टाकावा, अशी ती समजूत आहे. या समजुतीवर आज पुष्कळ तरुण संसार सुखेनैव चालले आहेत. तिचा समाचार घेणें हा या लेखाचा हेतु आहे.

उदाहरण आमच्या शेजारचेंच घेऊं. भातकुली हें अमरावतीहून तासाभराच्या आंत पोंचतां येईल असें तालुक्याचें गांव. बाहेरच्यांस तें आदिनाथाच्या जैन मंदिरामुळें ठाऊक असतें. पूर्णेच्या खोऱ्यांत अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्यांत हा तालुका मोडतो. विहिरीला पाणी आहे, पण तें खारें. म्हणून येथील गृहिणीचा दिवस पिण्याच्या पाण्याभोंवतीं बांधलेला असतो. नळ केव्हां येणार, कोणतीं भांडीं भरून ठेवावयाचीं, तें पाणी किती पुरवावयाचें, हा हिशेब तिच्या डोक्यांत असतो आणि घरांतील दुसऱ्या कोणाच्याहि डोक्यांत नसतो. उन्हाळा आला कीं कुरडया, शेवया आणि सरगुंडे करण्यासाठीं चार घरच्या बायका एकमेकींच्या अंगणांत जमतात. आज हिच्याकडे, उद्यां तिच्याकडे, असा तो हातउसना व्यवहार असतो, आणि जी आज गेली नाहीं तिच्याकडे उद्यां कोणी येत नाहीं. भाद्रपदांत महालक्ष्म्या बसतात, त्यांच्या आंबिलीपासून सोळा भाज्यांपर्यंतची सारी उस्तवार घरच्या वडील बाईकडे असते. पोरी भुलाबाईचीं गाणीं म्हणतात, तीं त्यांना कोणी तरी शिकवावीं लागतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास कापूस घरांत येऊं लागला म्हणजे वेचणाऱ्या बायांचा हिशेब ओसरीवर होतो, आणि पुष्कळ घरीं तो हीच बाई ठेवते. हें सर्व ज्याच्या दृष्टीला पडत नाहीं तो त्याला रिकामपण म्हणतो. त्याचा दोष एवढाच कीं, ज्या कामाचा पगार येत नाहीं तें काम मोजण्याची त्याला संवय नाहीं.

आमच्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप परंपरेच्या नांवानें घेतला जातो. नातवंडें आजीनें वाढवावयाचीं ही आमची जुनी रीत. तीबद्दल आज कुरकुर कसली, असें म्हणणारे पुष्कळ भेटतात. आमचें उत्तर असें कीं, आज चालली आहे ती जुनी रीत नव्हेच. ती जुन्या रीतीची उलटापालट आहे. पूर्वी पहिलें बाळंतपण माहेरीं होत असे. मुलगी आईच्या घरीं येई. सुईण ओळखीची, डिंकाचे आणि मेथीचे लाडू आपल्या चुलीवरचे, शेगडी आपल्या खोलींतली, आणि बाळाला न्हाऊं घालण्यास शेजारीण हजर. घरांतील सत्ता आजीची होती, आणि बाळ तिच्या दिवसांत येऊन सामील होत असे. तिला स्वतःच्या दिवसांतून उठून जावें लागत नसे. सासरीं वाढणाऱ्या नातवंडांचेंहि तसेंच. एकत्र घरांत जावा असत, नणंदा असत, आणि मुलाचा भार अनेक हातांवर विभागला जाई.

आज बाळ आजीकडे येत नाहीं. आजी बाळाकडे जाते. बडनेऱ्याहून रात्रभर आगगाडीचा प्रवास करून ती ज्या सदनिकेंत उतरते, तेथें स्वयंपाकघर सुनेचें किंवा लेकीचें, वेळापत्रक कचेरीचें, डॉक्टर अनोळखी आणि शेजाऱ्यांचीं दारें बंद. जुनी जबाबदारी तिच्याकडे राहिली, पण जुनी सत्ता गेली आणि जुनी सोबतहि गेली. याला परंपरा म्हणणें हा त्या शब्दाचा दुरुपयोग होय. शास्त्राचाच आधार कोणास हवा असेल, तर मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत नातवंडाचा जन्म ही गृहस्थाश्रमांतून निघण्याची एक खूण म्हणून सांगितली आहे. ज्या प्रसंगीं जुन्या शास्त्रकारानें गृहस्थाला संसारांतून मोकळें केलें, त्याच प्रसंगीं आम्ही त्याच्या पत्नीला पुनः संसाराला जुंपतों! आम्ही कोणास अरण्यांत धाडूं इच्छीत नाहीं. परंपरेच्या नांवानें कोणास वेठीस धरूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

परदेशच्या नातवंडांची गोष्ट याहून बिकट आहे. अमेरिकेंत पर्यटक-व्हिसावर जाणाऱ्यास एका खेपेला बहुधा सहा महिन्यांपर्यंत राहूं देतात. त्या मुदतीवर आतां कुटुंबांचीं वेळापत्रकें आंखलीं जातात: प्रथम बाळाच्या आईची आई, ती परतली कीं बाळाच्या बापाची आई. गिरणीच्या पाळ्या असाव्या तशा या आजींच्या पाळ्या लागतात. याचें कारणहि उघड आहे. त्या देशांत 1993 सालीं जो संघराज्याचा कायदा झाला, त्यानें बाळाच्या जन्मानिमित्त 12 आठवड्यांची रजा दिली खरी, परंतु ती बिनपगारी, आणि खाजगी धंद्यांपैकीं 50 किंवा अधिक नोकर असलेल्यांपुरतीच. इतक्या श्रीमंत देशानें जी उणीव ठेवली, ती वऱ्हाडांतील बाई आपल्या सहा महिन्यांनीं भरून काढते, आणि तिच्या या कामाला आम्ही "अमेरिका पाहून आल्या" असें म्हणतों.

परंतु आमचा मुख्य मुद्दा जाण्याचा नव्हे, परत येण्याचा आहे. निघतांना निरोप द्यावयास माणसें जमतात. परतल्यावर त्या बाईचें काय होतें, याची विचारपूस कोणी करीत नाहीं. आमच्या परिचयाच्या एक बाई न्यू जर्सीहून सहा महिन्यांनीं भातकुलीस परतल्या. तिकडे संध्याकाळीं साडेसहाला बाळाच्या दुधाची वेळ होई, तेव्हां इकडे पहाटेचे चार वाजलेले असत. त्या वेळेला त्यांना पुढें कित्येक दिवस जाग येत राहिली. वृंदावनांतील तुळस वाळली होती. दुधाचा रतीब बंद झाला होता. भिशींतील त्यांची जागा दुसरीनें घेतली होती, आणि भजनी मंडळांत पेटी वाजविणारी नवी बाई तयार झाली होती. वाळवणाचा हंगाम हुकल्यामुळें डब्यांचे तळ दिसूं लागले होते. गल्लींतील दोन घरीं मृत्यु झाले होते. तेथें इतक्या उशिरां भेटावयास कोणत्या तोंडानें जावें, हा त्यांना प्रश्न पडला. अशांत शेजारीण दारांतून म्हणाली, "आल्या काय वो काकू? आतां काय बाप्पा, रिकाम्याच तुमी!"

शेजारणीचा हेतु वाईट नव्हता. पण त्या बाई रिकाम्या नव्हत्या. मोडलेला दिवस त्यांना पुनः उभा करावयाचा होता, आणि त्या कामीं त्यांचे जवळजवळ दोन महिने गेले. भजनांत मागच्या रांगेंत बसावें लागलें. भिशींत नव्यानें नांव घालावें लागलें. ज्या अंगणांत उन्हाळ्यांत हात लावला नाहीं, तेथून कुरडया मागणें त्यांच्या जिवावर आलें. शिवाय सहा महिने अंगावर झोपलेलें मूल एकाएकीं दुरावलें, त्याची ओढ निराळीच. पुरुषाचें असें होत नाहीं. तो बरोबर गेला असला तरी परतल्यावर वाचनालयांतील वर्तमानपत्र, पारावरची बैठक आणि पेन्शनचा दिवस हीं सर्व त्याला जेथल्या तेथें सांपडतात, कारण तीं दुसऱ्यांच्या हातांनीं चालत असतात. स्त्रीचा दिवस तिच्या स्वतःच्या हातानें चालतो. तिनें हात काढला कीं तो थांबतो. आणि तो पुरता चालूं लागतो न लागतो तोंच मोबाईलवर विचारणा येते, "आई, दिवाळीनंतर पुनः येशील ना?"

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि त्याला बगल देऊन चालणार नाहीं. आजी आली नाहीं तर नोकरी कोण सोडणार? बाप नव्हे, आई सोडणार. मोठ्या कष्टानें शिकलेल्या तरुण स्त्रीनें पाळण्यापायीं घरीं बसावें काय? मुळींच नाहीं. परंतु एका स्त्रीच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्या स्त्रीच्या दिवसांतून वसूल करावयाची, आणि बाप, मालक व सरकार या तिघांनीं अंग काढून घ्यावयाचें, हा न्याय आम्हांस कबूल नाहीं. 2019 सालच्या सरकारी वेळवापर-पाहणींत असें आढळलें कीं, घरचें बिनमोबदला काम करणाऱ्या स्त्रीचीं त्यांत दिवसाला सरासरी 299 मिनिटें जातात, आणि तें काम करणाऱ्या पुरुषाचीं 97. या 97 मिनिटांत भर पडावी म्हणून कोणी खटपट करण्याआधींच आजीचें तिकीट काढलें जातें! 2017 सालच्या दुरुस्तीनें आपल्या देशांत पहिल्या दोन अपत्यांसाठीं प्रसूतीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर नेली, आणि 50 किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. आपल्या कचेरींत तें पाळणाघर आहे कीं नाहीं, हें विचारण्याची तसदी आमचे किती पदवीधर घेतात? बापासाठीं तर त्या दुरुस्तीनें एका दिवसाचीहि रजा ठेवली नाहीं. केंद्र सरकारच्या पुरुष नोकरांस मात्र 15 दिवसांची मिळते. घरांत आजी असतांना या गोष्टींसाठीं भांडण्याची कोणास निकड वाटत नाहीं, आणि म्हणून त्या जेथल्या तेथें राहतात.

पाळणाघर म्हटलें कीं "परक्याच्या हातीं मूल" म्हणून नाक मुरडणारेहि आहेत. त्यांनीं आपल्याच प्रांताचा इतिहास आठवावा. ताराबाई मोडक यांचा विवाह अमरावतीच्या एका वकिलाशीं झाला होता. त्यांनीं 1926 सालीं गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बाल शिक्षण संघ स्थापिला, आणि 1945 पासून समुद्रकांठच्या बोर्डी गांवीं गरिबांच्या मुलांसाठीं जें काम आरंभिलें त्यांतून अंगणवाडीची कल्पना रुजली. 1975 सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें तें नांव देशभर नेलें. मूल जाणत्या हातीं, समुदायांत वाढूं शकतें, हें आम्हांस विलायतेनें शिकविण्याचें कारण नाहीं.

आणि जेथें आजीचेंच साह्य घ्यावयाचें, तेथेंहि त्याला काम म्हणून मान देतां येतो. ब्रिटनमध्यें 2011 पासून पेन्शनच्या वयास न पोंचलेल्या आजी-आजोबांनीं 12 वर्षांखालील नातवंड सांभाळलें, तर तो काळ त्यांच्या सरकारी पेन्शनच्या हिशेबांत धरतां येतो. स्वीडनमध्यें 1 जुलै 2024 पासून आई आणि बाप यांना आपल्या सवेतन रजेपैकीं प्रत्येकीं 45 दिवसांपर्यंतचा भत्ता आजी-आजोबांस किंवा दुसऱ्या आप्तास देतां येतो. यानें तेथील आजीची माया कमी झाली असें कोणी म्हणणार नाहीं. तिचा वेळ हा वेळ आहे, एवढें कायद्यानें मानलें.

"पण आजींनाच तें आवडतें," हा शेवटचा आक्षेप. पुष्कळींना आवडतें, यांत शंका नाहीं. नातवंडाचें पहिलें पाऊल पाहण्याचें सुख आम्ही कोणाच्या वांट्याचें कमी करूं इच्छीत नाहीं. परंतु आवड आणि नाइलाज यांत भेद करण्याची एक सोपी कसोटी आहे. आजीला "यंदा नाहीं" असें म्हणतां येतें काय, आणि तसें म्हटल्यावर घरांत अबोला धरला जात नाहीं काय? परतीची तारीख कोण ठरवितें? ती आली कीं "अजून पंधरा दिवस" असें म्हणून पुढें ढकलली जाते काय? ज्या घरांत या प्रश्नांचीं उत्तरें नीट देतां येतात, त्या घराविरुद्ध आमची कांहीं तक्रार नाहीं. जेथें देतां येत नाहींत, तेथें आवडीचें नांव घेऊं नये.

तेव्हां आमच्या वाचक कुटुंबांपुढें आम्ही चार गोष्टी ठेवतों. बोलावण्यापूर्वीं तिला विचारा, आणि तिच्या गांवीं त्या महिन्यांत काय काय आहे हेंहि विचारा. महालक्ष्म्या आणि वाळवण हीं तुमच्या कचेरीच्या तारखांइतकींच खरीं आहेत. परतीची तारीख जाण्यापूर्वीं ठरवा आणि पाळा. तिकडे असतांना आठवड्यांतून एक दिवस सबंध तिचा असूं द्या, आणि हातखर्चासाठीं तिला कोणापुढें हात पसरावा लागूं नये. मागें राहणाऱ्या पतीनें, दिरानें किंवा जावेनें तुळशीला पाणी घालावें, भिशीचा हप्ता भरावा, कोणाच्या घरीं कांहीं बरेंवाईट झालें तर तिच्या नांवानें भेटून यावें. एवढें केलें तरी तिच्या परतण्याचा निम्मा भार हलका होईल.

ती परतली म्हणजे पहिला महिना तिला तिचा दिवस उभारूं द्या. पुढच्या खेपेची गोष्ट त्यानंतर काढा, आणि ती "नाहीं" म्हणाली तर पुनः विचारूं नका. पाळणाघराचा शोध करा आणि बापाच्या रजेचा अर्ज लिहा.