राजधानीला गाव म्हणू नका!

“ही तुमची राजधानी? अरे, आमचं एकटं कोथरूड हिच्यापेक्षा मोठं आहे!” फर्स्ट इयरला पणजी बघून माझ्या पुणेकर रूममेटने मारलेला हा पहिला डायलॉग. बोलणं खोटं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत माणसं मोजून ४० हजार. विधानसभासुद्धा २००० सालापासून नदीपलीकडे, पर्वरीला. तेव्हा मी गप्प बसलो. आता फायनल इयर आहे, प्लेसमेंटचा सीझन आहे, म्हणून बोलतो.

मित्रांनो, शहर मोजायचं कशाने? नुसत्या डोक्यांनी? माझे बाबा पणजीत साडेपाचला ऑफिसातून सुटतात आणि सहाला चप्पल हातात घेऊन मिरामारच्या वाळूत चालत असतात. मोठ्या शहरात या वेळी माणूस पहिल्या सिग्नललाच असतो!

एका रविवारी त्या रूममेटला पहाटे उठवून नेला. पणजीहून रायबंदरला जाताना खाजणातून तीनेक किलोमीटरचा सरळ रस्ता लागतो. तो १६३४ च्या सुमारास पोर्तुगीजांनी बांधलेला, आजही त्यावरून गाड्या धावतात. (सिव्हिलवाल्यांनी टोपी काढावी!) पुढे फेरीबोटीने चोडण. धक्क्यालगतच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. ओहोटी होती. खारफुटीच्या मुळांत चिखलावर मासे चक्क उड्या मारत होते, वर फांदीवर खंड्या टपून बसलेला. आमचा वटवट्या तासभर एक शब्द बोलला नाही!

आता दुसरी बाजू. इथं आपल्या शाखेच्या नोकऱ्या कमी, घरभाडी चढलेली. मीही बंगळुरूच्या कंपन्यांना अर्ज केलेत, उगाच साधूचा आव आणत नाही. पण पॅकेजच्या आकड्यात ही संध्याकाळ कुठेच धरलेली नसते, एवढं तरी हिशेबात घ्या.

आणि खरी भीती वेगळीच आहे. आपला हॉस्टेलचा रविवार म्हणजे बारापर्यंत झोप, मग बाइक काढून बीच, आणि वाळूत सोडून आलेल्या बाटल्या. ज्याने ओहोटीचा चिखल कधी पाहिलाच नाही, त्याला ती नुसती रिकामी जागा दिसते, भराव घालायला मोकळी. तो भराव कागदावर आखणारा उद्या आपल्यापैकीच कुणीतरी असणार, हे विसरू नका. त्याआधी त्याने ती जागा एकदा पायाखाली घातलेली असावी, एवढंच माझं म्हणणं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं आपलं झालंय. नोकरीला कुठेही जा. पण जाण्याआधी एक सकाळ चोडणला द्या. दुर्बीण नसली तरी चालेल, रिकामी बाटली मात्र परत आणायची.

बघा, पटतंय का!