शूटिंगचं गुत्तं द्या, मालकी देऊ नका

गुढीपाडवा उलटला, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून माघारी आल्या की आपल्या बालाघाटाच्या पट्ट्यात यात्रांचा हंगाम सुरू होतो. नेकनूर, लिंबागणेश, चौसाळा, कुठंही जा. यात्रा असो की उरूस, कुस्त्यांचा फड हा ठरलेलाच. पूर्वी पंचमंडळी बसली की विषय चार असायचे : फडाची माती, हलगीवाले, इनामाची वर्गणी आणि शेवटच्या कुस्तीची जोड. आता पाचवा विषय आला आहे. शूटिंगवाला कोणता सांगायचा? दोन-तीन कॅमेरे, एलईडी पडदा, ड्रोन आणि मोबाईलवर थेट प्रक्षेपण. कबड्डीचे सामने, टेनिस बॉलचं क्रिकेट, बैलगाडा शर्यत, सगळीकडं हेच.

हे चांगलंच आहे. आपल्या जिल्ह्यातली निम्मी तरणीताठी पोरं पोटासाठी बाहेर असतात. उसाच्या फडात कोयता बाजूला ठेवून दुपारच्या भाकरीला बसलेला गडी कुठल्या तरी गावच्या कुस्तीचा फड मोबाईलवर बघतो, तेव्हा त्याला गावाकडं आल्यासारखं वाटतं. म्हणून कॅमेरा नको असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा एवढाच आहे, की हे काम बाहेरच्या माणसाला देताना आपण काय देतो आणि काय राखून ठेवतो, याचा हिशेब कोणी करत नाही.

तुम्ही म्हणाल, शेतीच्या साहेबांनी कॅमेऱ्याच्या भानगडीत कशाला पडावं? पण बंधूंनो, हा व्यवहार शेतीतल्या व्यवहारासारखाच आहे, आणि तिथं आपण जसे फसतो तसेच इथंही फसतो.

मळणीयंत्र आणि कॅमेरा

काम बाहेर देणं आपल्याला नवं नाही. सोयाबीन निघालं की आपण मळणीयंत्र सांगतो. यंत्र त्याचं, ट्रॅक्टर त्याचा, माणसं त्याची. तो पोत्यामागं ठरलेले पैसे घेतो आणि जातो. सोयाबीन आपलं राहतं, गुळी-भुसकटसुद्धा आपलंच राहतं. कोणी यंत्रवाला म्हणाला, की मळणी फुकट करतो, फक्त पोती मी घेऊन जातो, तर आपण त्याला वेशीबाहेर काढू.

शूटिंगच्या बाबतीत मात्र नेमकं हेच चाललं आहे. यूट्यूबवर स्वतःचं चॅनेल असलेला कोणी तरी येतो आणि म्हणतो, ‘अध्यक्ष, एक रुपया देऊ नका, फुकट लाईव्ह करतो.’ कमिटी खूश. वर्गणीतले पैसे वाचले! दिवसभर कुस्त्या होतात. गावानं माती टाकलेली, गावानं इनाम जमवलेलं, पैलवान गावोगावचे, हलगी आपली. संध्याकाळी तो गाडी भरतो आणि निघून जातो. व्हिडिओ त्याच्या चॅनेलवर, जाहिराती त्याच्या, प्रेक्षक त्याचे. पुढच्या वर्षी कमिटीला आपल्याच फडाची एखादी कुस्ती हवी असली, तर त्यालाच फोन करावा लागतो. सीताफळाची बाग फुलोऱ्यातच व्यापाऱ्याला ठोक देऊन टाकायची आणि नंतर पुण्याच्या बाजारातला भाव ऐकून हळहळत बसायचं, त्यातलाच हा प्रकार.

त्या माणसाला मी चोर म्हणत नाही. त्याचे कॅमेरे महागाचे आहेत, डिझेल आहे, चार पोरांचा पगार आहे. तो त्याचा धंदा करतो. आपण आपला करत नाही, एवढंच.

कायदा काय म्हणतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये ही बाब साफ आहे. मोबदला देऊन एखाद्यानं चित्रीकरण करून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या चित्रीकरणाचा पहिला मालक करून घेणाराच. म्हणजे कमिटीनं पैसे मोजले, तर व्हिडिओ कमिटीचा. पण त्यानं स्वतःच्या खर्चानं, स्वतःसाठी चित्रीकरण केलं तर मालक तो. आणि ही मालकी थोडीथोडकी नाही, व्हिडिओ प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांची असते. आज मातीत उतरलेल्या पोराचा नातू पैलवान होईपर्यंत!

आता बघा, फुकट म्हणजे केवढ्याला पडलं. वर्गणीतले काही हजार वाचवायला आपण ६० वर्षांचा हक्क सोडून दिला, आणि तोही न लिहिता, चहा पिता पिता. पैसे मोजले तरी कागद हवाच. नाहीतर ‘तुम्ही सांगितलं होतं’, ‘आम्ही सांगितलं नव्हतं’ यातच पुढची यात्रा येते.

मोठ्यांनाही हे उशिराच कळलं

गावच्या पंचांनाच हे कळत नाही, असं समजू नका. क्रिकेटवाल्या मोठ्या लोकांनाही ते ठेच लागल्यावर कळलं. १९९३ साली बंगाल क्रिकेट संघटनेनं हिरो कप स्पर्धा भरवली. त्या वेळी दूरदर्शनची भूमिका अशी होती, की सामने दाखवण्याबद्दल आम्ही पैसे देणार नाही, उलट संघटनेनंच दर सामन्याला पाच लाख रुपये तांत्रिक फी भरावी. म्हणजे माल आपला आणि वर हमालीही आपणच द्यायची. संघटनेनं मग ट्रान्स वर्ल्ड इंटरनॅशनल या परदेशी कंपनीला काम दिलं. भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये निकाल लागला. तो देणाऱ्या पीठात आपले मराठी न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

त्यानंतर काय झालं ते तुम्ही टीव्हीवर बघताच. त्याच क्रिकेटमध्ये आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना गेले. बॅट तीच, चेंडू तोच. फरक पडला तो चित्र कोणाचं हे ओळखल्यामुळं. आपली कबड्डीसुद्धा २०१४ साली प्रो कबड्डी म्हणून टीव्हीवर गेली आणि मातीतल्या खेळाला मोल आलं.

नेकनूरच्या फडाला कोटी मिळतील, असं मी सांगत नाही. खोटी आशा लावणं हा आमच्या खात्याचा धंदा नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायलाच निदान हजार वर्गणीदार आणि वर्षभरात चार हजार तासांचं बघणं लागतं. तेवढं झालं तरी हातात येणारी रक्कम बेताचीच असते. पण कधी कधी पैशापेक्षा मोठी गोष्ट त्या चित्रीकरणात असते, ती म्हणजे पुरावा आणि ओळख.

आपलाच जिल्हा बघा. पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्यपदक घेऊन आला. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला. बीडचा सचिन धस २०२४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून गेला. अशी पोरं आजही रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्तीत उतरत असतील. त्यांची कुस्ती गावाच्या दप्तरात जपलेली असली, तर उद्या एखाद्या वस्तादाला दाखवता येईल, तालमीत प्रवेश मागताना उपयोगी पडेल. ती दुसऱ्याच्या चॅनेलवर असली आणि त्यानं पुसून टाकली, तर दाद कुठं मागणार?

बैलगाडा शर्यतीत तर चित्रीकरण ही हौस नाहीच. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना तात्पुरती वाट करून दिली आणि १८ मे २०२३ रोजी राज्याचा कायदा वैध ठरवला. पण जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि शर्यतीचं चित्रीकरण करून ते प्रशासनाला सादर करावं लागतं. शूटिंगवाला कार्ड घेऊन निघून गेला, तर अडकणार तो नाही, आयोजक अडकणार.

कागदावर काय असावं

करार म्हणजे वकिलाचं बाड नव्हे. एका पानात बसतं. कमिटी नोंदणीकृत असेल तर तिच्या नावानं, नसेल तर पाच पंचांच्या सह्यांनी. त्यात एवढं असू द्या :

एक, चित्रीकरणाची मालकी यात्रा कमिटीची. शूटिंगवाल्याला त्याच्या चॅनेलवर दाखवायचं असेल तर किती दिवस आणि किती वाट्यावर, ते आकड्यात लिहा. बटईला जमीन देताना खत-बियाणं कोणाचं आणि माल निम्मा की तिजाई, हे आपण आधी बोलतोच ना? तसंच इथं.

दोन, मूळ चित्रीकरण, काटछाट न केलेलं, आठ दिवसांत हार्ड डिस्कवर कमिटीच्या ताब्यात. शेवटचा हप्ता तेव्हाच द्यायचा, आधी नाही.

तीन, थेट प्रक्षेपण गावाच्या नावाच्या चॅनेलवरून. त्याचा पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडं असावा, एकट्याकडं नाही. अध्यक्ष बदलला की चॅनेल गेलं, असं व्हायला नको.

चार, ड्रोन. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणं ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा, तर उडवणाऱ्याकडं प्रमाणपत्र लागतं. ते बघूनच परवानगी द्या. बैल बुजतात आणि माणसंही खाली उभी असतात.

पाच, मुलींच्या कुस्त्या आणि कबड्डी. आता आपल्या मुलीही मैदानात उतरू लागल्या आहेत, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्या खेळाचे नको ते तुकडे कापून कोणी फिरवले, तर एका दिवसात घरच्यांचा धीर सुटेल आणि पोरीचा खेळ कायमचा बंद होईल. पालकांना विचारल्याशिवाय शूटिंग नाही, आणि कमिटीला दाखवल्याशिवाय छोटे तुकडे टाकायचे नाहीत, हे कलम मोठ्या अक्षरात लिहा.

सहा, गाणी. मागं सिनेमाची गाणी वाजली, की गाण्याच्या मालकाचा दावा लागतो, आवाज बंद होतो किंवा कमाई त्याच्याकडं जाते. आपली हलगी वाजू द्या. तिच्यावर दावा सांगायला कोणी येत नाही.

आपली पोरं कुठं आहेत?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. आपल्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात लग्नाचं शूटिंग करणारं एखादं पोरगं असतंच. लग्नसराई संपली की ते रिकामं बसतं, नाहीतर मुकादमाकडून उचल घेऊन दसऱ्यानंतर कोयता हातात धरतं. बाहेरच्या टोळीला काम देताना अट घाला, की गावची दोन पोरं तुमच्यासोबत राहतील. एक कॅमेऱ्यावर, एक मिक्सरवर. एक वर्ष शिकतील, दुसऱ्या वर्षी हाताखाली काम करतील, तिसऱ्या वर्षी शेजारच्या चार गावांचे फड तीच घेतील. एका गावाला स्वतःचे कॅमेरे घेणं परवडत नाही, हे खरं. मग अवजारं जशी गटानं घेतो तशी पाच-सहा गावांनी मिळून घ्या. शेतकरी गटाचं ट्रॅक्टर चालतं, तर खेळाचा कॅमेरा का नाही?

बाहेरचं काम चांगलं आणि आपल्या पोराचं कच्चं असेल, तर पहिल्या वर्षी बाहेरचाच घ्या. गावकीच्या हट्टापायी खराब शूटिंग करून घेण्यात शहाणपण नाही. पण दरवर्षी तेच गुत्तं, त्याच गुत्तेदाराला, त्याच तोंडी बोलीवर, हे थांबलं पाहिजे. ऊसतोडीत आपण तेच भोगतो. घाम आपला, आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत. निदान आपल्या स्वतःच्या यात्रेत तरी वही आपली असू द्या.

सरपंच मंडळींना आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांना विनंती आहे, की यात्रेच्या वर्गणीची बैठक होईल तेव्हा हा विषय शेवटी चहाबरोबर न घेता सुरुवातीला घ्या. एक पानाचा करार वाचून दाखवा, सह्या घ्या, एक प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. हार्ड डिस्कही त्याच कपाटात ठेवा, वर साल लिहून. पोतं भरलं की आपण त्याचं तोंड शिवतो आणि मगच गाडीत चढवतो. इथंही आधी तोंड शिवून घ्या.

(लेखक कृषी विस्तार अधिकारी आहेत.)