विश्लेषण : सोपाऱ्याचा स्तूप नालासोपाऱ्यात, अस्थिपेट्या मुंबईत, असं का?

मे २०२५ मध्ये हाँगकाँगमध्ये पिपरहवा इथल्या बुद्धाशी संबंधित अवशेषांचा लिलाव होणार होता. भारत सरकारने नोटीस बजावली, लिलाव थांबला आणि जुलैमध्ये ती रत्नं भारतात परतली. बातमी देशभर गाजली. मात्र असाच एक बौद्ध ठेवा आपल्या लोकल मार्गावर, नालासोपाऱ्यात सापडला होता आणि तोही पिपरहव्याच्या १६ वर्षं आधी, हे वसई-विरारमध्येच अनेकांना माहीत नाही. मनवेलपाड्यातून निघालात तर विरारहून एकच स्थानक मागे यायचं, पश्चिमेला उतरून रिक्षा करायची. रिक्षावाल्याला ‘बौद्ध स्तूप’ सांगायचं. जुनी माणसं त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत.

नेमकं काय सापडलं?

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हा उंचवटा खणला. मूळचे जुनागडचे भगवानलाल त्या काळचे नावाजलेले पुराभिलेखतज्ज्ञ. विटांच्या गाभ्यात त्यांना दगडाची मोठी गोल पेटी मिळाली. आत तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धाच्या आठ छोट्या धातुमूर्ती : सात पूर्वबुद्ध आणि आठवा, अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यात आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय असेल? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. एवढ्या आवरणांच्या आत खापराचे तुकडे, यावरूनच त्यांची किंमत कळते.

सोबत सोन्याची फुलं होती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. नाणं इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं, मूर्ती मात्र अभ्यासकांच्या मते आठव्या-नवव्या शतकाच्या आसपासच्या. म्हणजे स्तूप एकदा बांधून विसरला गेला नव्हता. शेकडो वर्षांनी कुणीतरी तो पुन्हा उघडला, नव्या मूर्ती ठेवल्या आणि पुन्हा बंद केला. एखाद्या ठिकाणी श्रद्धा किती काळ टिकली याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

सोपारा एवढं महत्त्वाचं का होतं?

कारण ते बंदर होतं. ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आणि टॉलेमीच्या भूगोलात त्याचं नाव येतं. नाशिकच्या लेण्यांतल्या उषवदाताच्या लेखात शूर्पारकात बांधलेल्या विश्रामगृहाचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या खांबावर सोपाऱ्याच्या दात्याचं नाव कोरलेलं आहे. घाटावरून माल आणि पैसा इथे उतरत असे, इथला पैसा लेण्यांना जात असे. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं. बौद्ध परंपरेत पूर्ण नावाचा व्यापारी भिक्खू झाल्याची आणि त्याने इथे चंदनाचा विहार उभारल्याची कथा आहे. ती श्रद्धेचा भाग म्हणून वाचावी.

पण सम्राट अशोकाचा संबंध कथेवर अवलंबून नाही. त्याच्या आठव्या शिलाज्ञेचा तुकडा १८८२ मध्येच सोपाऱ्यात मिळाला, तर नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात. चौदा मोठ्या शिलाज्ञांचं महाराष्ट्रातलं हे एकमेव ठिकाण. आठव्या आज्ञेचा विषयही पाहा : पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला यात्रा काढत, आपण बोधिवृक्षाच्या स्थळी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली, असं अशोक सांगतो. तीर्थाला का जावं याचा सरकारी आदेश इथेच दगडावर लावला होता!

मग आता अडचण काय?

स्तूप नालासोपाऱ्यात आहे, पण त्यातल्या पेट्या आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे. नववी शिलाज्ञा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. बुद्धपौर्णिमेला दर्शनाला येणाऱ्या कुटुंबाला दिसतो तो विटांचा ढिगारा, कुंपण आणि पुरातत्त्व खात्याचा फलक. ज्यामुळे हे स्थळ पवित्र आहे ते तिथे नाहीच. अस्सल वस्तू सुरक्षित ठिकाणी राहाव्यात हे मान्य. पण प्रतिकृती, नकाशा आणि मराठीतली नीट माहिती एवढं तरी जागेवर असायला हवं. त्याला शेकडो कोटी लागत नाहीत.

दुसरी अडचण जमिनीची. २०१० च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीनेच. ज्यांची जुनी घरं या पट्ट्यात येतात त्यांना हा नियम जाचतो, आणि त्यांची तक्रार खोटी नाही. दुरुस्तीलाही परवानगी लागते. पण नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव जागेवर ४१ बेकायदा इमारती उभ्या राहिल्या आणि न्यायालयाच्या आदेशानंतर पाडाव्या लागल्या. ज्या शहरात आरक्षित जागेचं असं होतं, तिथे मीटरची अट सैल केली तर काय होईल हे वेगळं सांगायला नको.

ही भीती हवेतली नाही. देशातल्या ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी ५० सापडत नसल्याचं केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयानेच संसदीय समितीला सांगितलं. त्यातली १४ वाढत्या शहरांनी गिळली.

पाहायला जायचं असेल तर सकाळी जा आणि भुईगाव, निर्मळ त्याच फेरीत करा. शूर्पारकाच्या जुन्या परिसरातली ही गावं. स्तूपावर चढू नका. विटा मूळच्या आहेत. आणि त्या पाच करंडकांसाठी मात्र चर्चगेट गाडी पकडावी लागेल.