उघडं तुपाचं भांडं आणि उघडं गटार



रात्री ओटा आवरताना तेलाची बरणी, तुपाचं भांडं, पाण्याचा माठ, काहीही उघडं ठेवायचं नाही, हा आमच्या घरातला जुना नियम. लग्नानंतर पहिल्याच वर्षी माझ्याकडून एकदा तुपाचं भांडं झाकायचं राहिलं. सकाळी त्यात मुंग्या मरून पडलेल्या. सासूबाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मारायचा हेतू नव्हता गं तुझा, पण मेल्या तुझ्यामुळेच."

श्रावकाच्या बारा व्रतांतलं आठवं व्रत आपल्या सगळ्यांना पाठ आहे, अनर्थदंड विरमण. त्यात प्रमादाचरण सांगितलं आहे, आणि ते समजावताना म.सा. नेहमी हेच उदाहरण देतात, उघड्या ठेवलेल्या तेलातुपाच्या भांड्यांचं. हेतू नसला तरी बेपर्वाईनं जीव गेला की ती हिंसाच.

मग मला सांगा, रस्त्यातलं उघडं चेंबर म्हणजे काय?

मागच्या चातुर्मासात नात्यातल्या एक मावशी संध्याकाळचं प्रतिक्रमण करून घरी परतत होत्या. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खांबावरचा दिवा बंद, चेंबरवर झाकण नाही. पाय आत गेला आणि मोडला. मी भेटायला गेले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं, आणि जी येईल ती एकच वाक्य म्हणत होती, "काय करणार, अशाता वेदनीय कर्माचा उदय." मीही मान हलवली. घरी येताना मात्र माझी मलाच लाज वाटली. झाकण किती दिवस नव्हतं, कुणी कुणाला कळवलं होतं का, हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नव्हतं.

आज मला याच वाक्याशी भांडायचं आहे.

कर्मसिद्धांत मी मानते. पण तो दुसऱ्याच्या बेपर्वाईवर पांघरूण घालायला दिलेला नाही. मरायचं ते त्या जीवाच्या कर्मानं मरणारच असं म्हणायचं, तर आपण पाणी का गाळतो? धान्य निवडून का घेतो? चूल पेटवण्याआधी लाकूड, शेगडी झटकून का घेतो? मुंगीच्या बाबतीत आपण तिचं कर्म तिच्यापाशी ठेवतो आणि आपली जयणा आपल्यापाशी. माणूस गटारात पडला की मात्र सगळं त्याच्याच कर्मावर टाकून मोकळ्या होतो. मुंगीला एक न्याय आणि मावशीला दुसरा, असं कसं चालेल?

29 ऑगस्ट 2017 ला मुंबईत तुफान पाऊस झाला. त्या दिवशी बॉम्बे हॉस्पिटलचे डॉ. दीपक अमरापूरकर पाण्यातून चालत घरी निघाले होते. वाटेतल्या उघड्या मॅनहोलमध्ये ते पडले आणि गेले. साचलेलं पाणी ओसरावं म्हणून झाकण काढलेलं होतं. कुणाला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. पण उघड्या तोंडाशी धोक्याची खूण नव्हती, राखणीला माणूस नव्हता. प्रमाद म्हणतात तो हाच.

कायद्यानंही आता हे मान्य केलं आहे. 13 ऑक्टोबर 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं निकाल दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला 6 लाख रुपये, आणि इजा झाली तर 50 हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यायची. ती त्या रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेनं द्यायची आणि दोषी ठेकेदार, अधिकारी यांच्याकडून वसूल करायची. खड्डा लक्षात आणून दिल्यावर 48 तासांत दखल घ्यायची, असंही त्यात आहे. "लक्षात आणून दिल्यावर" हे शब्द नीट वाचा. घड्याळ सुरू होतं ते आपण कळवल्यावर. आणि आपण तर "कर्माचा उदय" म्हणून घरी जातो!

नगरपरिषदांचा कायदा 1965 चा आहे. रस्त्यावर दिवे लावणं, रस्ते आणि गटारं साफ ठेवणं, पाणीपुरवठा, आगीपासून बचाव, ही कामं त्यात नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं म्हणून दिली आहेत. म्हणजे दिवा लावला तर आपल्यावर उपकार नाही. जसं पाणी गाळलं म्हणून आपण जीवांवर उपकार करत नाही.

आता आपल्या ओझरकडे येते. ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली तरी पहिली निवडणूक व्हायला डिसेंबर 2025 उजाडला. तोवर कारभार प्रशासकांकडे होता. आता निवडून दिलेली माणसं आहेत आणि कायद्यानं त्यांतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. बोटाला शाई लावून आपलं काम संपलं असं समजू नका. निवडून आलेला माणूस कितीही चांगला असो, त्याला विचारणारं कुणी नसेल तर तोही सुस्तावतो.

आणि विचारणं, मोजणं हे ओझरला नवं नाही. वाघाड धरणाचं पाणी कालव्याच्या शेवटच्या टोकाला पोहोचत नव्हतं. तेव्हा समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये, भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना एकत्र आणलं, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा या तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घेऊ, मोजून वाटू, पट्टी आम्हीच गोळा करू, असं त्यांनी ठरवलं. पुढे सगळा वाघाड प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला. आपल्याच गावच्या लोकांना कालव्याचं पाणी मोजता आलं, तर आपल्याला गल्लीतले बंद दिवे मोजता येणार नाहीत?

मंडळात हा विषय काढला की तीन उत्तरं मिळतात. पहिलं, तक्रार म्हणजे कषाय, रागद्वेष वाढतो. मग भाषासमिती कशासाठी शिकलो? चिडून लिहू नका, कुणाला दोष देऊ नका. ठिकाण, तारीख, फोटो आणि काय हवं ते, एवढंच चार ओळींत लिहा. दुसरं उत्तर, हे पुरुषांचं काम. नळाला पाणी कधी येतं आणि घंटागाडी कधी चुकते, हे घरातल्या कुठल्या पुरुषाला माहीत असतं? तिसरं उत्तर हळू आवाजात येतं, पण खरं तेच असतं. आपला धंदा याच गावात आहे, वैर कशाला? ही भीती मला समजते, माझ्याही घरी दुकान आहे. म्हणूनच एकटीनं नको, मंडळाच्या नावानं वीस सह्या करून द्या. वीस घरांशी वैर कुणी धरत नाही.

आधी आपलंही बघू. दुकानासमोरच्या गटारावर ओटा बांधून ते साफ करायला जागा न ठेवणारे आपणच. मांडवाचे खांब निघाल्यावर रस्त्यातले खड्डे तसेच सोडणारे आपणच. टाकाऊ वस्तूसुद्धा कुठं आणि कशी परठायची, यासाठी साधूंना पाचवी समिती आहे. आपल्या स्वामीवात्सल्याची उष्टी पानं कुठं जातात, ते आपण मागे वळून बघतो का?

तेव्हा या चातुर्मासात एक नियम घ्या. साध्वीजी पुढची साडेतीन हात जमीन बघून पाऊल टाकतात. तसंच आपण महिन्यातून एकदा घर ते स्थानक चालू या. उघडं चेंबर, बंद दिवा, लोंबणारी तार, तुंबलेलं गटार दिसेल ते वहीत लिहायचं. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारखेसह पोच घ्यायची. पोच नसलेला अर्ज दिल्यासारखा नाही. उत्तर आलं नाही तर त्या अर्जाचं काय झालं हे माहिती अधिकारात विचारायचं, 30 दिवसांत सांगावं लागतं. पुढच्या महिन्यात तीच वही उघडून काय झालं, काय राहिलं ते मंडळात सगळ्यांसमोर वाचायचं. काम झालं असेल तर आभाराचं पत्रही पाठवायचं.

करणं, करवणं आणि अनुमोदन, पाप तिन्ही वाटांनी लागतं असं आपण रोज म्हणतो. उघडं झाकण बघून वळसा घालून घरी जाणं यातल्या कुठल्या वाटेत बसतं, ते प्रतिक्रमणाला बसल्यावर एकदा स्वतःला विचारा. मावशींचा पाय अजून दुखतो. आता काठी घेऊन येतात, पण प्रतिक्रमण चुकवत नाहीत.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल तर त्रिविधे मिच्छामि दुक्कडं. अर्ज मात्र मागे घेणार नाही.