पहारेकऱ्याला डोळे द्या, किल्ल्या नकोत

आपल्यापैकी अनेकांची तिजारत आज एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या खात्यावर चालते. यंत्रमागवाला असो, चामड्याचा कारीगर असो की फळांचा आडत्या, त्याची देणी-घेणी ज्या खतावणीत उतरतात ती आता लाल कापडात बांधलेली नसते. ती सर्व्हर नावाच्या यंत्रात असते. अशी कितीतरी यंत्रे एका छताखाली अनेक बँकांचे हिशेब सांभाळतात. त्यांच्यावर नजर कोण ठेवतो आणि कशी, हा प्रश्न केवळ इंजिनिअरांचा नाही, असे आम्हांस वाटते.

जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या एकाच कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला आणि सुमारे ३०० लहान बँकांचे पैशांचे व्यवहार अडले. त्याआधी ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. तेथील प्रकार व्यापाऱ्याने नीट समजून घ्यावा असा आहे. एटीएमची विचारणा बँकेच्या मुख्य हिशेबाकडे जाण्याऐवजी चोरांनी मध्येच बसविलेल्या बनावट यंत्रणेकडे गेली आणि तिनेच "पैसे द्या" म्हणून होकार दिला. किर्दीत नोंद नाही, गल्ला मात्र रिकामा! केवळ मुख्य हिशेबाचे यंत्र पाहत बसणाऱ्याला तेथे सारे शांतच दिसणार. दोन्हीकडचा ताळा तेव्हाच्या तेव्हा जुळविणारा कोणी हवा.

अशा घटनांनंतर कचेऱ्यांत नियम आवळले जातात. यंत्रांच्या खोलीत मोबाईल नाही, इंटरनेट नाही, बाहेरचा प्रोग्राम बसवायचा नाही. नियम हवेतच. पण त्यांत नजर ठेवणाऱ्याचीच वाट अडते. मग तो बिचारा रोज एकेका यंत्राशी जाऊन डिस्क किती भरली, रात्रीची प्रत निघाली की नाही, हे वहीत टिपतो. यंत्रे शंभर झाली की अर्धी राहून जातात. नाहीतर कोणी वैतागून त्याला सर्वाधिकाराचा पासवर्डच देऊन टाकतो. हे दुसरे अधिक वाईट.

देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याविषयीची सूरह बकराची २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत. तीत लिहिणारा वेगळा, साक्षीदार वेगळे. आणि दोघांनाही त्रास होऊ नये, अशी ताकीद आहे. साक्षीदाराने पाहायचे असते, माल त्याच्या ताब्यात देत नाहीत. यंत्रांतही ही सोय आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून केवळ देखरेखीचा अधिकार वेगळा देता येतो. किती जण जोडलेले आहेत, काम कोठे तुंबले आहे, हे त्यातून दिसते. ग्राहकांच्या खात्यांचे तक्ते उघडत नाहीत. (चालू असलेल्या हुकमाचा मजकूर मात्र दिसतो आणि त्यात कोणाचा खातेक्रमांक असू शकतो. तेवढी काळजी घ्यावी लागते.) शिवाय प्रत्येक यंत्राला बाहेरून दार ठेवण्याची गरज नाही. यंत्रानेच दर मिनिटाला आपली खुशाली आतल्या एका ठिकाणी पाठवावी, आणि जिची खुशाली आली नाही ते यंत्र आजारी धरावे.

सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आदेशात नोंदी १८० दिवस जपणे, हल्ला कळल्यापासून ६ तासांत खबर देणे आणि सर्व यंत्रांची घड्याळे मिळविलेली ठेवणे बंधनकारक केले आहे. घड्याळाची बाब क्षुल्लक वाटेल, पण दोन दुकानांची घड्याळे वेगळी असतील तर चोर आधी कोठे शिरला हे सांगणार कसे?

सहकारी बँकेचा भागधारक हा तिच्या मालकांपैकी एक असतो. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. लाभांशाची चर्चा झाली की आमच्या बांधवांनी उठून एवढे विचारावे: आपली यंत्रे कोणाकडे आहेत, रात्री त्यांच्याकडे कोण पाहतो, आणि पाहणाऱ्याच्या हाती पैसे हलविण्याचा अधिकार तर नाही ना? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.