गौताळा : सहल पाहुण्यांची, पाणी आपले

पावसाळा लागला की रविवारी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतून मोटारसायकली कन्नडच्या वाटेला लागतात. जायचे कोठे, तर गौताळ्याला. ठिकाण आहेच तसे. सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेतले सुमारे २६० चौरस किलोमीटरचे हे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य १९८६ साली जाहीर झाले. केदारकुंड व धवलतीर्थचे धबधबे, सीतान्हाणी, गौताळा तलाव आणि इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सुरू झालेली पितळखोऱ्याची बौद्ध लेणी याच डोंगरात आहेत. घाटाखाली चाळीसगावच्या अंगाला पाटणादेवी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख तिथलाच. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघही इथल्या कॅमेऱ्यात दिसला.

पण आपण हा डोंगर पाहुण्याच्या नजरेने बघून चालणार नाही. घराला जसे आढे, तसा हा दोन खोऱ्यांचा माथा आहे. उत्तर उताराचे पाणी तितूर-डोंगरी नद्यांतून गिरणेला, पुढे तापीला जाते. दक्षिणेचे पाणी शिवना नदी लासूरवरून गोदावरीला नेते. ज्या नाथसागराचे पाणी वाळूजच्या कारखान्यांना मिळते, त्यात या डोंगराचाही वाटा आहे.

काळ्या पाषाणावर मातीचा थर पातळ. त्यावर गवत असले की पाऊस थांबत थांबत मुरमात जिरतो, नाला दिवाळीनंतरही वाहतो, विहिरीला रब्बीचे पाणी राहते. उन्हाळ्यात गवताला आग लागली किंवा गुरांनी ते मुळापर्यंत खाल्ले, की पहिल्याच पावसात माती तलावात आणि पाणी गावाबाहेर! ३१ ऑगस्ट २०२१ रोजी घाटात दरडी कोसळल्या, खाली चाळीसगावात पूर शिरला, जनावरे वाहून गेली. तेवढ्या पावसापुढे एकट्या गवताचे काही चालले नसते, हे खरे. पण उघडा उतार असला की मध्यम पाऊसही नुकसान करतो.

तुम्ही म्हणाल, साहेब, रानडुकरे आमचा मका खातात, आम्हीच का डोंगर राखायचा? रास्त प्रश्न आहे. नुकसान झाले तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या आणि पंचनाम्याला स्वतः हजर राहा. उशीर झाला की हक्काची भरपाई अडते.

दुसरे, डोंगरावरचा चराईचा भार गावातच कमी करा. गायरानावर समतल चर खोदून स्टायलो, मारवेल, अंजन गवत लावा. बांधावर चारा असला तर गुरे अभयारण्यात न्यावी लागत नाहीत.

तिसरे काम सरपंच मंडळींचे. पाहुणा येतो, धबधबा बघतो, प्लॅस्टिक टाकून जातो. गावाला काय मिळते? १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. गावच्या हद्दीत गाड्या उभ्या करायला शुल्क, बचत गटाला पिठलं-भाकरीची जागा, गावच्या पोरांना वाटाड्याचे काम, आणि आलेल्या पैशातला ठरलेला हिस्सा चर व बंधाऱ्यांना. वन विभागाशी बोलूनच हे करा.

धबधबा चार महिने दिसतो. विहिरीला पाणी बारा महिने लागते. डोंगर राखायचा तो त्यासाठी.